हवा धरलीय

नाट्याच्या बंदरात मला सगळे इंजिनापुरते ओळखतात.
गफूर होडेकर : पिस्टन, नोझल, गिअरबॉक्स, उधारी.
म्हणून नीलांबरीबाईंचा फोन आला तेव्हा
पान्यांची पिशवी खांद्याला लावून
मनात सहा सिलिंडर धरूनच मी गेलो.

ओट्यावर होतं ते टोपाएवढं.
काळं, गुळगुळीत, वर एक दांडा,
दांडा उचलला की मुशीसारखा जबडा उघडायचा.
पुढे तांबडा दिवा, एकसारखा मिचमिचणारा.
"कॉफीचं आहे," त्या जरा ओशाळून म्हणाल्या,
"पुण्याचे पाहुणे वहीत लिहून गेलेत,
समुद्र छान, मासे छान, कॉफी नाही."

बोटीला विचारतो तेच आधी विचारलं :
शेवटचं कधी चाललं?
दिवाळीत.
आणि शिमगा होऊन आठवडा झालेला.

बटण दाबलं. आतून घरघर,
मग नुसती धडधड. थेंब नाही.
हा आवाज माझ्या ओळखीचा.
कोरडा पंप असाच ओरडतो,
पोट रिकामं नि तोंड मोठं.
हवा धरलीय, मी म्हटलं.
टाकी काढली, काठोकाठ भरली,
बुडाचा व्हॉल्व बोटाने दाबला दोनदा.
एकच बुडबुडा वर आला, मिऱ्याएवढा.
टाकी खटकन बसवून
कुपी न घालताच चालवून पाहिलं.
धार आली. धार कसली, लाळ.

पाणी कुठलं घालता?
त्यांनी मागच्या विहिरीकडे बोट केलं.
माडांपलीकडे खाडी.
शिमग्यानंतर गोडं पाणी खाली बसतं
आणि खाडी जमिनीखालून हळूच आत येते,
कुणाला न विचारता.
आमटीत कळत नाही,
डाळ मात्र शिजता शिजत नाही.
यंत्राच्या नळीत तेच मचूळ पाणी
थर लावून बसलं होतं, पांढरं.
बोटीच्या पाइपातही बसतं,
पण तिथे हातोडी चालते.

व्हिनेगर घरात नव्हतं.
ढोकळ्याचं उरलेलं लिंबूफूल होतं.
दोन चमचे, कोमट पाणी, अर्धा तास दम.
तोवर जबड्यातली सुई पाहिली.
कुपीला भोक पाडते ती,
तिच्याच नाकात दिवाळीची कॉफी वाळून दगड.
टाचणी जाड पडली.
खिशात तुटलेली क्लचची वायर होती,
तिचा एक तंतू सोडवून घातला.

त्यांनी फडताळातून डबा काढून दाखवला.
कुप्या सात.
"संपतील म्हणून लावतच नव्हते.
कुरियरवाला राजापूरच्या पुढे येत नाही."
मी काही बोललो नाही.
माझ्याही कपाटात एक नवा इंपेलर आहे,
पंधरा वर्षं कागदात.

मग जारचं पाणी घालून दोनदा धुतलं.
पहिलं पाणी ताकासारखं आलं,
दुसरं स्वच्छ.
"रोज चालवा," मी म्हटलं, "नुसतं पाणी तरी.
काठावर ओढलेल्या बोटीचं लाकूड टिकतं,
इंजिन मरतं."

दिवा हिरवा झाला.
कुपी घातली, दांडा पाडला, बटण दाबलं.
कॉफी आली आणि अर्ध्या कपावर थांबली.
"परत बिघडलं?"
मी वाकून पाहिलं. बटणं दोन होती,
एकावर लहान कप, एकावर मोठा.
कुवेतला टगबोटीवर होतो तेव्हा
कप्तानाला रोज असाच अर्धा कप नेऊन द्यायचो.
सात वर्षं मला वाटत होतं
माणूस चिक्कू आहे.

कप त्यांनी माझ्याकडे सरकवला,
मी त्यांच्याकडे.
वास दोघांनी घेतला.
एक घोट मी घेतला, एक त्यांनी,
नि दोघांची तोंडं सारखीच झाली.

"चहा टाकू?"
"टाका."

आलं किसायला त्या वळल्या,
मी पाने मोजून पिशवीत भरले.
हिरवा दिवा स्थिर होता.
त्याच्या शेजारी गॅसवर
चहा उतू गेला.